थोरली तापली की हात लावू नये

मी घोडी बोलतेय. चौखूर उधळणारी नव्हे हो, कोपऱ्यात उभी राहून टॉवेल वाळवणारी. भिंतीतली वीज अंगात आली की मी हळूहळू गरम होते आणि माझ्यावर टाकलेला ओला टॉवेल दीड-दोन तासांत कोरडा, ऊबदार होतो. माझं काम एवढंच.

पण माझी गोष्ट माझ्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते एका नेमापासून. एका गारठलेल्या सकाळी माझ्या बाईंनी देवापुढे हात जोडले आणि म्हटलं, "सासूबाई मोठ्या जाऊबाईंच्या घरी आपल्या टॉवेलाची सोय आपल्या हातांनी उभी करतील, तोवर मी ऊबदार टॉवेल अंगाला लावणार नाही." तेव्हा मी जन्मालाही आले नव्हते.

बाईंचं सगळं आयुष्यच नेमांवर चाललेलं. नणंदेच्या बाळंतपणासाठी साखर सोडली, यजमानांच्या बदलीसाठी वर्षभर अनवाणी देवदर्शनाला गेल्या. यजमान थट्टेने म्हणायचे, "तुझ्या देवाला माझ्यापेक्षा तुझ्याच पायांची काळजी असेल." बाई नुसत्या हसायच्या. पण हा नेम त्यांनी कुणाला सांगितला नाही.

त्यांच्या सासूबाई, म्हणजे आमच्या आजी, सहा महिने धाकट्या मुलाकडे, म्हणजे आमच्याकडे राहायच्या आणि सहा महिने बसने तीन तासांवर असलेल्या थोरल्या मुलाकडे. थंडीचे महिने नेमके तिकडे यायचे. त्या गावात धुकं असं की सूर्य उगवतो म्हणण्यापेक्षा हजेरी लावून जातो म्हणावं. आजींची बोटं सांधेदुखीने आत वळलेली. त्यांना टॉवेल पिळता येत नव्हता, तारेवर फेकता येत नव्हता. थोरल्या घरी सगळे सकाळी कामाला बाहेर पडत. कालचा टॉवेल आज ओलाच हाती यायचा.

"मग सांगायचं ना कुणाला," बाई एकदा म्हणाल्या होत्या.

"कुणाला सांगू? तुझी जाऊ बिचारी औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते. पाय सुजून येते घरी. आणि टॉवेल काय गं, ओला असला तरी टॉवेलच."

एवढं बोलून आजींनी हात पदराखाली घेतले. ते हात बाईंच्या मनातून काही जाईनात. नेम धरला गेला तो त्यामुळे.

वहीच्या पाठकोऱ्या कागदावर बाईंनी मला काढलं. त्यांना चित्रकला येत नव्हती. माझं पहिलं चित्र शिडी आणि पाळणा यांच्यामधलं काहीतरी होतं. ते घेऊन त्या वेल्डरकडे गेल्या. वेल्डरने कागद सरळ धरला, उलटा धरला.

"वहिनी, यावर चढायचंय की झोपायचंय?"

"टॉवेल वाळत घालायचेत. आणि ही सुटी करून पिशवीत घालून नेता आली पाहिजे. एका म्हातारीला, एकटीला जोडता आली पाहिजे."

"म्हणजे घोडी करायची. नालही ठोकून देऊ का?"

माझं नाव तिथे पडलं.

वेल्डरने पहिल्यांदा मला स्क्रू लावून दिली. बाईंनी घरी आणून दार लावून घेतलं, आपल्या उजव्या हाताची चारही बोटं चिंधीने एकत्र बांधली, मग डाव्या हाताची दातांनी ओढून बांधली, आणि मला जोडायला बसल्या. स्क्रू बोटांतून निसटून पलंगाखाली गेला. तासाभराने त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी आडवीच होते. दुसऱ्यांदा छत्रीला असते तशी दाबायची कळ बसवली. कळ दाबायला अंगठ्यात जोर लागतो. आजींच्या अंगठ्यात तो नव्हता.

तिसरी युक्ती पलंगाने दिली. स्क्रू शोधायला बाई पलंगाखाली वाकल्या, तेव्हा त्यांना दिसलं की पलंगाची बाजूची पट्टी पायातल्या खाचेत नुसती वरून सोडलेली असते. स्वतःच्या वजनानेच ती घट्ट बसते, तिला पिळावं लागत नाही की दाबावं लागत नाही. मग माझे दोन खांब झाले, रुंद पायांचे, एकेकटे उभे राहणारे. त्यांच्या खाचांत वरून सोडायच्या तीन आडव्या दांड्या. दांडी उचलायला बोटं लागतच नाहीत. तान्ह्या बाळाला घेतात तशी दोन्ही हातांवर आडवी घ्यायची आणि खाचेत ठेवून द्यायची.

वायरमनने फक्त खालच्या दांडीत तापणारी तार घातली आणि दोन्ही तोंडं बंद केली. "ऊब आपोआप वर चढते. जास्त तापली की आपली आपण बंद होईल. पण न्हाणीघरात ठेवायची नाही, दाराबाहेर कोरड्यात. आणि तापली की खालच्या दांडीला हात लावायचा नाही, हे आजींना बजावून सांगा," तो म्हणाला.

बाईंनी दांड्यांवर एक, दोन, तीन लिहायला घेतलं तर आजी म्हणाल्या, "आकड्यांशी माझं कधी जमलं नाही बाई. नात्यांशी जमवावंच लागलं."

मग बाईंनी लाल नेलपॉलिशने मोठ्या अक्षरांत नाती लिहिली. डाव्या खांबावर 'माहेर', उजव्यावर 'सासर'. आजींना धरून तीन बहिणी, म्हणून दांड्या झाल्या थोरली, मधली, धाकटी. तापणारी, जड दांडी थोरली, सगळ्यात खाली. आजींना ते फार आवडलं. "आमची ताई अशीच. सगळा भार तिने घेतला, आम्ही दोघी तिच्या जिवावर ऊब खाल्ली." मधल्या दांडीवर स्वतःला पाहून त्या म्हणाल्या, "मधली म्हणजे कायमची लोंबकळलेलीच. माहेरीही आणि तुमच्या दोन घरांतही."

आजींनी मला आमच्या घरी तीनदा जोडलं, तीनदा सोडलं. तिसऱ्यांदा माझ्यावरचा टॉवेल त्यांनी गालाला लावला आणि बराच वेळ तसाच धरला. बाई दाराआडून बघत होत्या. पण नेम थोरल्या घरचा होता. म्हणून त्यांनी त्या दिवशीही आपला गारढोण टॉवेलच वापरला.

निघायच्या दिवशी बाईंनी माझे पाचही भाग कापडी पिशवीत घातले आणि लाल फितीची गाठ मारली. एक टोक ओढलं की सुटणारी, आजींना दातांनीही सोडवता येईल अशी. बाहेरच्या खिशात चिठ्ठी ठेवली. माझं दुर्दैव त्या चिठ्ठीत होतं, आणि ती लिहिणाऱ्या हातात कपट नावालाही नव्हतं.

थोरल्या घरी पिशवी दारात टेकते न टेकते तोच मोठ्या जाऊबाई कामावरून आल्या. "हे काय नवीन?" म्हणत त्यांनी चिठ्ठी काढली आणि उभ्याउभ्या मोठ्याने वाचली.

"थोरलीला खाली बसवावे. थोरलीला तापायला वेळ लागतो. थोरली तापली की तिला हात लावू नये. धाकटी वरच राहील."

मोठे दीर हसू दाबायला गेले आणि फसले.

"हसा," जाऊबाई म्हणाल्या. "सासू माझ्याकडे पाठवायची आणि सोबत माझी कुंडलीही पाठवायची. थोरलीने खाली बसायचं, थोरलीने तापायचं, आणि धाकटी वर बसून पुण्य घेणार."

"अगं, ते तसं नाही. त्या माझ्या बहि…" आजींनी सुरुवात केली.

"असू द्या आई. तुम्ही तिचीच बाजू घेणार."

आजी गप्प झाल्या. शब्दाने शब्द वाढतो, हे त्या सत्तर वर्षं शिकत आल्या होत्या. आणि जिथे दोन शब्द जास्त बोलायला हवेत तिथेही तोच धडा त्यांनी गिरवला. मोठ्या दिरांनी मला उचलून माळ्यावर ठेवलं. "राग शांत झाला की काढू," ते आईच्या कानात म्हणाले, आणि विसरले.

माळ्यावर माझ्या शेजारी एक फुटका पंखा होता आणि जुन्या गाद्या होत्या. अंधाराचं मला काही वाटलं नाही. पण माझ्या बरोबर खाली न्हाणीघराचं दार होतं. रोज सकाळी ते उघडायचं, आणि आजी ओला टॉवेल खांद्यावर घेताना जो श्वास आत ओढायच्या तो मला ऐकू यायचा. एखाद्या वस्तूला धावता आलं असतं तर मी तेव्हा धावले असते. नावाची का होईना, घोडी होते ना मी.

आठव्या दिवशी बाईंचा फोन आला. आजी माळ्याखालीच बसल्या होत्या.

"आई, घोडी उभी केलीत?"

आजींनी वर माळ्याकडे पाहिलं. "केली गं."

"तुमच्या हातांनी? कुणी मदत नाही ना केली?"

"माझ्याच हातांनी. माहेर आधी, मग सासर."

"तापते ना नीट?"

"तापते. छान तापते."

फोन ठेवल्यावर आजी स्वतःशीच म्हणाल्या, "दोन घरांत माझ्यापायी वितुष्ट नको रे देवा." बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, म्हणतात. मी काही सोनं नव्हते, पण पडून राहिले खरी.

इकडे बाईंचा नेम फळाला आला होता. हे मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं. त्यांनी देवापुढे फूल ठेवलं, टॉवेलावरून गरम इस्त्री फिरवली, आणि कित्येक महिन्यांनी ऊबदार टॉवेलाने तोंड पुसलं. "सुख म्हणतात ते हेच," असं त्या यजमानांना म्हणाल्या होत्या.

सहा महिन्यांनी जाऊबाई स्वतः आजींना सोडायला आल्या. आजींची बोटं आता तळहाताला टेकली होती, मनगटंही आखडली होती. डॉक्टर म्हणाले होते, दुखणं वयाचं आहे, टॉवेलाचा त्यात काही दोष नाही. असेलही तसं. पण ते हात आता माझी दांडी पेलणार नव्हते, एवढं मला पिशवीच्या कापडातूनही कळलं.

बाईंनी आनंदाने पिशवी पुढे ओढली, आणि त्यांचा हात थांबला. लाल फितीची गाठ त्यांचीच होती. टोकं तेवढीच लांब, वळण तेच. चिठ्ठी मात्र खिशात चुरगळलेली होती.

"आई, ही सोडलीच नाही?"

आजींनी हात पदराखाली घेतले.

"मी ठेवली माळ्यावर," जाऊबाई म्हणाल्या. आवाज चढवायचा म्हणून चढवला, पण तो टिकला नाही. "अशी चिठ्ठी कुणी लिहितं का? थोरली तापते म्हणे."

बाईंना आधी काही समजेना. मग समजलं तेव्हा त्या खालीच बसल्या. "जाऊबाई, थोरली म्हणजे आईंची ताई. त्यांच्या तीन बहिणींची नावं आहेत ती."

"मग तसं लिहायचं ना."

"हो. लिहायला हवं होतं. मला सुचलंच नाही, तुम्ही वाचाल म्हणून."

जाऊबाई आजींकडे वळल्या. "तुम्ही तरी एकदा बोलायचं आई. रोज विचारत होते मी, काही हवंय का. रोज 'काही नको'."

"तू दमलेली असायचीस गं," आजी म्हणाल्या.

पिशवीकडे बघत त्याच पुढे म्हणाल्या, "सोडा तिला. जीव गुदमरला असेल तिचा." मग त्या तोंडाने सांगत गेल्या आणि दोन्ही सुना जोडत गेल्या. माहेर आधी. मग सासर. थोरली दांडी जाऊबाईंनी उचलली, बाळाला घेतात तशी दोन्ही हातांवर, आणि खाली खाचेत ठेवली. ठेवून झाल्यावरही त्यांनी हात काढला नाही. मी तापलेली नव्हते, तरी त्यांना चटका बसल्यासारखं वाटलं असावं.

आजींनी आपली मिटलेली मूठ वरच्या दांडीवर टेकवली. "झालं. मीच उभी केली असं समज."

"नाही आई," बाई हळूच म्हणाल्या, आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांनी आपला नेम सांगितला. "तो मी मोडला, न कळत. आता पुन्हा धरलाय."

"वेडी आहेस. हे हात आता उघडायचे नाहीत."

"देव बघेल."

आजींना त्यांनी पुन्हा कुठे पाठवलं नाही. रविवारी जाऊबाईच सुजलेल्या पायांनी बसमध्ये चढून येतात. मी न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी असते. 'सासर'वरचं नेलपॉलिश उडत आलंय, 'माहेर' अजून ठळक आहे. माझ्यावर एकच टॉवेल असतो, आजींचा. बाईंचा टॉवेल खिडकीत गार पडलेला असतो. त्याच्यापाशी मला पोचता येत नाही, आणि रोज सकाळी त्या तो चेहऱ्याला लावतात तेव्हा मी नजर वळवावी म्हणते, पण मला मान नाही.

मात्र बाईंनी आणखी एक नेम धरलाय, आणि तो मला या सगळ्या अंधारात दिव्यासारखा वाटतो. रोज सकाळी त्या आजींना विचारतात, "काय हवंय?" आजी म्हणतात, "काही नको." बाई हातातलं काम खाली ठेवतात, शेजारी बसतात आणि पुन्हा विचारतात. मग तिसऱ्यांदा विचारतात. तिसऱ्या वेळी आजी कधी म्हणतात, "पाठ पुसून दे." कधी म्हणतात, "ताईची आठवण येते."

तुमच्याही घरी कुणीतरी रोज 'काही नको' म्हणत असेल. मी लोखंडाची, तुम्हाला काय सांगणार. पण सहा महिने माळ्यावरून मी तो शब्द ऐकलाय आणि त्याच्या मागचा श्वासही. म्हणून एवढं मागते. साखर सोडू नका, अनवाणी चालू नका. हा एक नेम धरा. पहिल्या 'काही नको'वर उठून जाऊ नका. बसा, आणि अजून दोनदा विचारा.