सोंड बांधणारा तैयब हिराली

भर दुपारी अख्खं कुसुमपूर बांधावर उभं होतं. चैत्राचं ऊन डोकी भाजत होतं, तरी कोणी सावलीला जायला तयार नव्हतं. समोर मोहरी काढून उघडी पडलेली शेतं होती आणि त्या तापल्या मातीवरून एक वावटळ गिरक्या घेत गावाकडेच येत होती. बांधावर तैयब हिराली उभा होता. गळ्यात शिंग, कमरेला लाल चिंध्या, हातात बांबूची खुंटी.

"ये, ये," तो वावटळीला दटावत होता. "तुझ्या आईला मी नाक घासायला लावलंय. तू तर कालची पोर."

त्यानं शिंग फुंकलं आणि खुंटी बांधाअलीकडच्या भाताच्या चिखलात खुपसली. वावटळ बांधापाशी आली, अडखळली आणि विरून गेली. बायकांनी डोक्यावरचे पदर सावरले. गावचे मातब्बर कुद्दूस मियाँ यांचे तर डोळेच भरून आले.

शाळेत शिकवणाऱ्या मर्जिना आपाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हिराली लोक पूर्वीपासून पिकांवरची गारपीट पळवून लावायचे, म्हणजे तसं सांगायचे, आणि सुगीला सूपभर धान घेऊन जायचे. तैयबनं धंदा वाढवला होता. तो आता सोंड बांधत होता. काळ्या ढगातून हत्तीच्या सोंडेसारखी लोंबत येते आणि घरं, झाडं, गुरं उचलून नेते, ती सोंड. माणिकगंजकडच्या या पट्ट्यात चैत्र-वैशाखात ती दर काही वर्षांनी कुठे ना कुठे उतरते, हे शेंबडं पोरही जाणतं. मर्जिनाच्या सासूचं माहेर शेजारच्या दक्षिणपाड्याचं. तिथे उतरली तेव्हा घरांचे पत्रे कोयत्यासारखे उडाले होते. म्हातारीच्या माहेरचं कोणी उरलं नाही.

"ही वावटळ म्हणजे सोंडेची लेक," तैयब लोकांना समजावत होता. "लेक माझं ऐकते, मग आई ऐकणार नाही होय? गावाभोवती खुंट्या ठोकल्यात, रेघ मारलीय. फक्त एवढंच करा. ढग आला की घरातच बसा. कोणी रेघ ओलांडली तर बंधन तुटलं. मग मला बोल लावायचा नाही."

काय सोय करून ठेवली होती गड्यानं! सोंड आली नाही तर श्रेय त्याचं, आली तर पाप तुमचं. आणि गावातली एकुलती एक विटांची इमारत, म्हणजे शाळा, नेमकी रेघेबाहेर होती.

मर्जिनाला धडकी भरली ती यामुळेच. दिवसभर ती शाळेत असायची, नवरा ढाक्याला कामाला, आणि चार वर्षांची लेक झुमा घरी आजीजवळ. पत्र्याच्या घरात.

"आम्मा, ढग दिसला की झुमाला घेऊन शाळेत यायचं," तिनं सासूला विनवलं.

"मी रेघ ओलांडणार नाही," सासू म्हणाली. "तुझ्या चार बुकांपायी पोरीचा जीव घालवू?"

"दक्षिणपाडाही बांधलेला होता ना? याच्याच उस्तादानं?"

"होता. ओलांडली असेल कोणी रेघ."

"कोणी? सगळे तर घरातच सापडले."

म्हातारी उठून चुलीपाशी गेली आणि उगाच भांडी आपटत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मर्जिना स्वयंपाकघरातला डाव घेऊन बांधावर गेली. लोक जमलेच होते. लांबून वावटळ येताना दिसली तशी तिनं डाव उगारला आणि मोठ्यानं सातचा पाढा म्हणायला सुरुवात केली. सात पंचे पस्तीसला वावटळ बांधापाशी पोचली आणि विरली.

"आपा, तुम्हालाही मंत्र येतो?" कोणीतरी हळूच विचारलं.

"पाढा होता तो. अरे, तापल्या कोरड्या मातीवरची हवा वर चढते म्हणून वावटळ फिरते. बांधाच्या अलीकडे काय आहे? पाण्यानं भरलेली भातशेती. इथे माती थंड. तिला खायला घालणारी धग संपली की ती मरते, कोणी शिंग फुंको नाहीतर शिंको. आणि ही सोंडेची लेकबिक कोणी नाही. ही निरभ्र आकाशाखाली जमिनीतून उठते, सोंड काळ्या ढगातून उतरते." मग ती तैयबकडे वळली. "हुजूर, खुंटी घ्या आणि त्या कोरड्या शेतात मधोमध उभे राहा."

"आज मंगळवार आहे," तैयब म्हणाला. "मंगळवारी कोरड्यात खुंटी चालत नाही."

कुद्दूस मियाँ खाली मान घालून ऐकत होते. "उभे राहा, हुजूर," ते म्हणाले. आवाजात काल आलेलं रडू नव्हतं.

तैयब उभा राहिला. पुढची वावटळ आली ती थेट त्याच्या अंगावर. त्यानं शिंग तोंडाला लावलं आणि तेच मातीनं भरलं. टोपी गेली, चिंध्या गेल्या, लुंगी त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवली म्हणून वाचली. लोक पोट धरून हसले.

"हसा," तो थुंकत म्हणाला. "लेकीला चिडवलंत. आता आई येईल."

हसू फार टिकलं नाही, कारण त्याच संध्याकाळी पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं. मर्जिना शाळेतून धावत घरी आली. म्हातारी झुमाला पोटाशी धरून उंबऱ्यावर बसली होती.

"मी येणार नाही. त्यानं शाप दिलाय."

"आम्मा, पाया पडते तुमच्या."

तेवढ्यात समोरच्या वाटेनं एक माणूस लुंगी गुडघ्यावर खोचून सुसाट पळत गेला, खुंटी तुडवून, रेघ ओलांडून, थेट शाळेकडे. गळ्यात शिंग लटकत होतं.

म्हातारी बघत राहिली. "माझ्या माणसांना घरात बसायला सांगितलं यांनी," ती पुटपुटली, आणि झुमाला कडेवर घेऊन सुनेच्या पुढे धावली. तिच्यामागे अख्खा मोहल्ला निघाला.

वारा आला, गारा आल्या. सोंड काही आली नाही. पण वादळ ओसरल्यावर पाहिलं तर मर्जिनाच्या घरावर फणसाचं झाड आडवं झालं होतं, बरोबर झुमाच्या खाटेवर.

"सोंड आली नाही ना?" शाळेतल्या बाकाखालून तैयब बोलला. "मी बांधली होती म्हणून."

"मग बाकाखाली काय तिचं दुसरं टोक धरून बसला होतास?" म्हातारीनं विचारलं.

सोंड कुसुमपूरला आली नाही, कारण तिची वाट दोन-चार शेतांइतकीच रुंद असते आणि ती बहुतेक गावांना चुकवूनच जाते. पलीकडच्या गावांतही आली नाही, तिथे तर कोणी खुंटी ठोकली नव्हती. चुकली त्याचं श्रेय लाटायला हिराली हजर असतो. जिथे गाठ पडली तिथे जाब विचारायला कोणी उरत नाही. म्हणून बाबांनो, जे उरले त्यांनी विचारायचं. ढग दिसला की पक्क्या भिंती गाठायच्या, आणि कोणी अडवलं तर तो स्वतः कुठे पळतोय ते बघायचं.

म्हातारीनं दुसऱ्या दिवशी रेघेवरची एक खुंटी उपटून आणली आणि शाळेच्या दारात ठोकून तिला बकरी बांधली.

"एवढी तरी बांधली जाते का बघू," ती म्हणाली.