साहेबांच्या नंबरवर मेसेज गेलाय

मी एक कार्ड बोलतोय. किराणा दुकानाचं. हसू नका. बँकेच्या कार्डांचा रुबाब माझ्यात नाही, हे मलाही कळतं. पण त्यांनी जन्मात पाहिलं नसेल एवढं रक्त मी दोन वर्षांत पाहिलं आहे.

कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला, कोण जाणे. मला आठवतो तो अमरावतीच्या 'घरसंसार बाजार'चा काउंटर. हिरवं अंग, सोनेरी अक्षरं, पाठीवर काळी पट्टी. मी दिसायला देखणा होतो, उगाच कशाला लाजू? दोन हजार बाराचा उन्हाळा होता. गावोगावच्या विहिरी आटल्या होत्या आणि दुकानात मात्र गार हवा सोडलेली. वलगावहून सासूसुना महिन्याचा किराणा भरायला आल्या होत्या. सुनेचं नाव पौर्णिमा. काउंटरवरच्या मुलीनं मला तिच्यापुढे धरलं. "ताई, फुकट आहे. खरेदी केली की पॉइंट जमतात. भरपूर जमले की कुकर भेट. मोबाईल नंबर सांगा."

पौर्णिमानं तोंड उघडलं, तोच सासूचा कोपर तिच्या बरगडीत बसला. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "बाईमानसाचा नंबर दुकानात देतेत काय वो? दहा जन फोन करतीन. गोवर्धनचा दे."

तिनं नवऱ्याचा नंबर दिला. त्या नंबरवर मेसेज जातील, हे कोणी सांगितलं नाही. घरची अब्रू राखली म्हणून सासू खूश, कुकर मिळणार म्हणून सून खूश. मी पौर्णिमाच्या पर्समध्ये राहायला गेलो. दुकानाच्या मशीनमध्ये मात्र माझ्यापुढे नाव लागलं गोवर्धनचं.

हा गोवर्धन बोअर पाडणाऱ्या गाडीचा एजंट होता. त्या दुष्काळी वर्षांत त्याच्यासारखा धंदा कोणाचाच नव्हता. शेताशेतात गाडी घरघरायची, धुरळा उडायचा. पाणी लागो न लागो, याला फुटामागे पैसे मिळायचेच.

एकदा पौर्णिमा "अंबादेवीले जाऊन येतो" म्हणून घरातून निघाली. देवीला ती गेलीच, पण तिथून जाऊन धाकट्या बहिणीला भेटली. बहिणीनं आपल्या मनानं लग्न केलं होतं, म्हणून गोवर्धननं तिचं नाव घ्यायची बंदी घातली होती. भाचीसाठी पौर्णिमानं 'घरसंसार'मधून बिस्किटांचा पुडा घेतला आणि सवयीनं मला पुढे केलं. मशीन टुकटुकलं. त्याच घटकेला वलगावच्या शिवारात गोवर्धनच्या खिशातला फोन वाजला.

संध्याकाळी त्यानं दार लावून घेतलं.

"कुठी गेल्ती?"

"अंबादेवीले."

"मंग दुपारी बाजारात तुही माय होती काय?"

बोअरच्या गाडीवरचा रबरी पाइपचा तुकडा तो घरी ठेवायचा. त्यानं तिला पाठीवर मारलं, मांड्यांवर मारलं, ती कोपऱ्यात मुडपून बसली तेव्हा डोक्यावर मारलं. मारता मारता म्हणाला, "माहे मानसं हायेत गावभर. मले समदं मालूम असते!" रुख्मिणीबाई बाहेर ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

असं पुढे कितीदा झालं, ते मला सांगवत नाही. दर वेळी त्याला कळायचंच. ती बिचारी माणसांवर संशय घेऊ लागली. शेजारणीशी बोलणं तोडलं, किराणा आणून देणाऱ्या ऑटोवाल्याला टाळलं, शेवटी बहिणीचाही फोन घेईनाशी झाली. कोण चुगली करतं, याचा विचार करकरून तिची झोप उडाली. आणि मी होतो तिच्याच पर्समध्ये, रुमालाला लागून.

गावातली लोकं म्हणायची, "यंदा बोअरले पानी लागून नाही राह्यलं, डोकं गरम असते बिचाऱ्याचं." मला असा संताप यायचा! त्या वर्षांत वऱ्हाडात कोणाच्याही नीचपणाला दुष्काळाचं नाव देता यायचं. अरे, ज्यांचं शेत वाळलं ते बायकोला पाइपानं मारत नव्हते, आणि हा तर त्यांच्याच कोरड्या बोअरवर जगत होता.

एका रात्री त्यानं तिचे समोरचे दोन दात पाडले. सकाळी पाण्याचा टँकर आला. पौर्णिमानं हंडा रांगेत लावला आणि रांगेतून निघून सरळ रस्त्यावर आली. हंडा तिथंच राहिला. अंगावरचं लुगडं आणि पर्स एवढंच घेऊन ती बडनेऱ्याला पोचली आणि तिथून गाडीनं अकोल्याला.

अकोल्यात कुलसुमबीचा गाद्या-रजयांचा कारखाना होता. कारखाना कसला, पत्र्याची लांब खोली आणि कामाला पाच बाया. कुलसुमबी जुन्या गाद्या भरायला दर साली वलगावला यायच्या. मागच्या फेरीत त्यांनी पौर्णिमाच्या मानेवरचे वळ पाहिले होते आणि हळूच म्हटलं होतं, "बेटा, कभी वाटलं तर अकोल्याले ये. पत्ता ध्यानात ठेव."

पौर्णिमा तिथं गाद्यांच्या खोळी शिवू लागली, कुलसुमबींना खाला म्हणजे मावशी म्हणू लागली. कापूस भरला की वेताच्या काठीनं झोडपून गादी सारखी करायची, तेही शिकली. तिनं जुनं सिमकार्ड मोडून मोर्णा नदीत टाकलं. बहिणीलाही पत्ता कळवला नाही. मला मात्र जपून ठेवलं. कुकर हवा होता ना! नव्या खोलीत पहिली वस्तू स्वतःच्या हक्काची. अकोल्यातही 'घरसंसार'ची शाखा होती. तिथं तिनं मला पुढे केलं, मशीन टुकटुकलं.

पुढच्या वेळी ती कारखान्यातल्या सुंदराबाईसोबत किराणा घेऊन बाहेर आली, तर पायरीवर गोवर्धन उभा. शाखेचं नाव त्याला मशीननं सांगितलं होतं, दारावर पाळत त्यानं स्वतः ठेवली होती.

त्यानं तिला केसांना धरून पायऱ्यांवरून ओढलं. तिचं डोकं लोखंडी कठड्यावर आपटलं. मनगटावर बूट ठेवून दाबला, हाड मोडल्याचं मला पर्समध्ये ऐकू आलं. आजूबाजूला बाजार भरलेला. "नवरा-बायकोचं भांडन हाय," कोणीतरी म्हणालं, आणि माणसं शहाण्यासारखी बाजूला झाली. आत लाउडस्पीकरवर साखरेची ऑफर चालूच होती. शेवटी सुंदराबाईनं नुकताच घेतलेला तिखटाचा पुडा त्याच्या डोळ्यांत फोडला, म्हणून पौर्णिमा जिवंत सुटली.

प्लास्टर घालून परत आली ती पेटूनच. "खाला, त्याले कोनं सांगतलं? तुमी महिन्याखाली वलगावले गेल्त्या. तुमच्याबिगर कोनाले मालूम होतं?"

कुलसुमबींचा चेहरा पडला. पण त्या एवढंच म्हणाल्या, "पहले तुझा हात जुळू दे बेटा. मग माझा गळा पकड."

पौर्णिमानं त्यांच्या हातचं जेवण बंद केलं. जखमा सुकल्या की नागपूरकडे कुठंतरी निघून जायचं, असं तिनं सुंदराबाईला सांगितलं. साऱ्या दुनियेत हा एकच आसरा होता आणि तोही तिच्या मनातून उठला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण आम्हा कार्डांची भाषा फक्त मशीनला कळते.

ती जाणार, हे कुलसुमबींच्या कानावर गेलं. पौर्णिमाच्या पर्समधून मला काढून घेऊन त्या दुकानात गेल्या. पोरगी जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये, तिचा कुकर तरी तिला मिळावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

काउंटरवरच्या पोरानं मला मशीनला लावलं. "कुकर मिळेल खाला. साहेबांच्या नंबरवर मेसेज गेलाय, त्यातला कोड सांगा."

"कोनत्या साहेबांच्या?"

"गोवर्धनजी. कार्ड त्यांच्या नावावर आहे ना. प्रत्येक खरेदीला मेसेज जातो त्यांना. कोणती शाखा, किती वाजता, सगळं."

कुलसुमबी कुकर विसरून धावत सुटल्या. खोलीत येऊन त्यांनी मला पौर्णिमाच्या पुढ्यात आपटलं. "ये देख. चुगलखोर तुझ्या पर्समध्ये होता. अन् तू मले बोलली!"

पौर्णिमा माझ्याकडे पाहतच राहिली. मग कुलसुमबींच्या मांडीवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. शेजारीण, ऑटोवाला, बहीण, एकेकाचं नाव घेऊन रडली. रडणं थांबल्यावर म्हणाली, "खाला, म्हंजे आता बी त्याले मेसेज गेला असंन."

"हाव. निघाला असंल तो. पोलिसले सांगून ठेवू, अन् चाल, तुले माझ्या भावाकडे लपवते."

"नोको. येऊ द्या त्याले."

दुपारी 'घरसंसार'च्या त्याच पायऱ्यांवर ती बसली. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हातात मी. मागे कुलसुमबी, सुंदराबाई आणि बाकीच्या चौघी. प्रत्येकीजवळ गादी झोडपायची काठी.

त्याची जीप आली. आजूबाजूला न बघता तो तिच्यावर धावून आला आणि मोडका हातच धरला. "चाल घरी, रांडे."

पौर्णिमानं मागे हात केला. कुलसुमबींनी काठी दिली. पहिला फटका गुडघ्यावर, दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर. तो खाली बसला तेव्हा तिसरा तोंडावर. मग बाकीच्या काठ्या चालू झाल्या. रोज गाठाळ कापूस मऊ करणारे हात ते, त्यांना थकवा ठाऊक नव्हता. त्यानं तोंडातलं रक्त थुंकून लोकांना हाक मारली, "वाचवा ना बे!" गर्दी जमलेलीच होती. "नवरा-बायकोचं भांडन हाय," कोणीतरी म्हणालं, आणि माणसं बाजूला झाली.

तो निपचित पडल्यावर पौर्णिमानं त्याच्या छातीवर गुडघा रोवला आणि मला त्याच्या दातांत कोंबलं. "घे! हा तुहा मानूस. गावभर मानसं हायेत म्हने!"

त्याचे दात माझ्या कोपऱ्यात रुतले. ती खूण अजून आहे. मला सोनेरी अक्षरांपेक्षा त्या खुणेचा अभिमान जास्त.

पुढे पोलीस आले, दवाखाना झाला, दोन्हीकडून केसेस पडल्या. त्या अजून चालू आहेत. गोवर्धन लंगडत चालतो, अकोल्याच्या वाटेला जात नाही. पौर्णिमा मला घेऊन एकदा काउंटरवर गेली. म्हणाली, "याच्यावरचा नंबर बदला." पोरगा म्हणाला, "जुन्या नंबरवर कोड जाईल ताई, तो आणा." दोन दात नसलेल्या तोंडानं ती इतकी हसली की पोरगा घाबरला.

म्हणजे मशीनमध्ये मी अजून त्याचाच. पण मशीनपुढे मी पुन्हा गेलो नाही. पौर्णिमानं माझी काळी पट्टी दगडावर घासून काढली. खोळीच्या कापडावर सरळ रेघ मारायला मी बरा पडतो, म्हणून खडूच्या डबीत मला जागा मिळाली. आता मी रोज रेघा मारतो. कुकर तिनं नंतर भांड्यांच्या दुकानातून आणला. तिथंही दुकानदारानं विचारलं, "ताई, नंबर सांगा."

"काहून?"

"ऑफर आली की मेसेज येईल."

"नोको. कुकर द्या," ती म्हणाली.

तुमच्या पर्समध्ये, पाकिटात माझे भाऊबंद असतील. देखणे असतील, फुकट मिळाले असतील. एकदा त्यांना बाहेर काढा आणि विचारा, बाबा रे, तू घरी कोणाच्या राहतोस आणि सांगतोस कोणाला? माझी एवढीच विनंती आहे. तिकडे पौर्णिमानं कापड अंथरलं, मला हाक मारतेय. येतो.