जुन्या पट्टीचा वेग

त्याने जुन्या रॅमच्या पट्टीवरची धूळ फुंकली आणि ती नव्या पट्टीशेजारच्या खाचेत परत दाबली.

"सव्वाचार झाले रे," ताई दारातून म्हणाली.

पाचला तिची एम.ए.ची तोंडी परीक्षा होती, याच कॉम्प्युटरवर. एकोणसाठाव्या वर्षी. मध्येच तो बंद पडला तर सगळं वर्ष वाया.

बटण दाबलं. स्क्रीन निळा झाला आणि मशीनने तिसऱ्यांदा मान टाकली.

तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला कारण ठाऊक नव्हतं असं नाही. नवी पट्टी जुनीच्या दीडपट वेगाची. दोघी एकत्र नांदायच्या तर नवीला हळू चालवावं लागणार. पण बहिणीसाठी हौसेने आणलेल्या वस्तूचा वेग कमी करणं त्याच्या जिवावर आलं होतं, म्हणून त्याने हट्टाने जुनीलाही नवीच्या वेगाने पळवायला घेतलं होतं. नवशिकाही असला शहाणपणा करत नाही.

"जुनीला नवीचा वेग झेपत नाहीये," तो पुटपुटला.

"मग जुनी काढून टाक ना."

"एकटी नवी पुरणार नाही, ताई. दोघी हव्यात. नवीलाच हळू चालावं लागेल."

"चालेल की. त्यात काय एवढं?"

त्याचा हात थांबला. शाळेत धावण्यात ताईचा हात कोणी धरत नसे. पण त्याच्या डाव्या पायात सळ्यांचा बूट. रोज ती त्याच्या पावलाने चालायची आणि उशिरा आली म्हणून वर्गाबाहेर उभी राहायची. त्याच्या ऑपरेशनच्या वर्षी तिने एम.ए. सोडलं ते सोडलंच. तिचे आभार मानायचे राहूनच गेले होते. मानले असते तर टपली बसली असती.

त्याने नवीचा वेग उतरवला. मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं.

पाच वाजता तो कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, टेबलाच्या कडेला जमिनीवर, सैल प्लग धरून बसला. ताई खणखणीत उत्तरं देत होती. शेवटी परीक्षकांनी विचारलं,

"मॅडम, मध्ये सदतीस वर्षं गेली. इतका उशीर का झाला?"

ताई हसली.

"धाकट्या भावाबरोबर चालत होते, सर. सोबत फार चांगली होती. उशीर झालाय हे आत्ता तुम्ही म्हणालात तेव्हा कळलं."

खाली त्याने नाक ओढलं. टेबलाआडून ताईचा हात आला आणि त्याच्या टकलावर हलकेच टपली बसली.