परत ओलांडायचं राहिलं होतं

"ए पोरी, पाय आवर गं, ओलांडीन की मी तुला! आन् तू गं बया, जरा सरक. उगं माझ्यामागं आणिक पाप नको."

आवाज उजवीकडून येत होता आणि जवळ जवळ येत होता. मी मान वळवली नाही. अकॅडमीच्या सरांनी बजावलं होतं, उंची मोजेपर्यंत बसायचं नाही, उभं राहायचं नाही, पाठ टेकून सरळ पडून राहायचं. माणूस सकाळी जरा लांब असतो आणि दिवसभर उभा राहून राहून आखूड होतो म्हणे. म्हणून सोलापुरात, पोलीस भरतीच्या मैदानाबाहेर, सकाळी सहा वाजता आम्ही वीस-पंचवीस मुली फुटपाथवर ओळीनं आडव्या पडलो होतो. फिरायला निघालेले लोक बघून दचकत होते. दचकू देत. त्यांची उंची काही कुणी मोजणार नव्हतं.

मुलींना एकशे पंचावन्न सेंटीमीटर लागतात. गेल्या वर्षी मी एकशे साडेचोपन्न भरले आणि धावायच्या आधीच घरी आले. धावण्यात मी तालुक्यात कुणाला ऐकत नाही, मेंढरांमागं पळून पाय तयार झालेत, पण धावू कुणी दिलं तर ना! माझे वडील, आबा, तेव्हा म्हणाले, "आणिक एक डाव बघ. न्हाय झालं तर गप लगीन करायचं." तो डाव आज होता. चार दिवसांपूर्वी अकॅडमीत मोजलं तर एकशे चोपन्न पूर्णांक आठ. दोन मिलिमीटर कमी. ज्वारीचा दाणासुद्धा त्याहून मोठा असतो हो! त्या दिवशी मी जेवले नाही.

"ज्ञानूची अपेक्षा हाय का गं कुटं हितं? मंगळवेढ्याकडची?"

आता मात्र मी मान वळवली. फिकट हिरव्या साडीतली एक बाई आमच्या ओळीच्या कडेकडेनं येत होती. दवाखान्यातल्या आयांची असते तसली साडी. वय पंचेचाळीसच्या आसपास, गुडघे धरलेले, चपला हातात. तोंड मी फक्त एका जुन्या फोटोत बघितलं होतं, पण आवाज पक्का ओळखीचा. आई घरामागं जाऊन फोनवर बोलायची तेव्हा मी पण कान लावायचे ना.

"आत्या?"

ती माझ्याजवळ येऊन थांबली आणि टाचेपासून डोक्यापर्यंत नुसती बघत राहिली. कापड मोजावं तशी.

मी उठायला गेले तर खेकसलीच. "उठू नगंस! तशीच पड. लई बरं झालं आडवी घावलीस. सगळ्या वाटंनं इचार करत आले, पोरीला रस्त्यात पड म्हणू कसं."

कस्तुरा आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडं आली, मेंढरं राखली, मला अंगाखांद्यावर वाढवलं. मी तीन वर्षांची असताना तिला सोलापुरात एका बाळंतिणींच्या दवाखान्यात आयाचं काम मिळालं. आबा भडकले. आमच्या घरची बाई लोकांची घाण काढणार? "माझा शबुद ओलांडून गेलीस तर परत ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठिवायचा न्हाय," असं म्हणाले. आत्यापण त्यांचीच बहीण. ती पहाटेच्या एसटीला निघाली. उन्हाळा होता आणि मी वाऱ्याला म्हणून दारात आडवी झोपले होते. ती मला ओलांडून गेली.

निजलेल्या पोराला ओलांडलं की त्याची उंची खुंटते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उपायही ठाऊक असतो. ज्यानं ओलांडलं त्यानं लगेच परत ओलांडायचं, म्हणजे फिटलं. आत्याला ते एसटीच्या थांब्यावर आठवलं. बिचारी पिशवी घेऊन उलटी पळत आली, पण आबा दारात उभे. "पोरीला तेवढं परत ओलांडून जाते," ती म्हणाली. आबांना वाटलं, घरात शिरायचा बहाणा. त्यांनी दार लावून घेतलं.

त्याला सोळा वर्षं झाली. सोळा वर्षं ती आईला एकच विचारायची, "पोरगी केवढी झाली?" आई माझ्या डोक्यावर पाटी धरून चौकटीवर कोळशानं रेघ मारायची आणि फोनवर सांगायची. रेघा वर जायच्या, पण बेतानं. माझी आई चार फूट दहा इंच आहे, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात कधी आलं नाही. गेल्या वर्षी मी परत आले तेव्हा आत्या फोनवर हमसून हमसून रडली. म्हणाली, माझ्या पायानं झालं. आजच्या भरतीची तारीखही आईनंच तिला सांगितली असणार.

"आत्या, असं काही नसतं गं," मी पडल्या पडल्या म्हणाले.

"तू गप. मंगळवेढं कुणीकडं आलं हितनं?"

"आता मंगळवेढं कशाला?"

"तवा मी आतनं भाईर गेल्ते. आता भाईरनं आत जायला पायजे का न्हाय? आपलं घर ज्या अंगाला, तिकडं उतराय पायजे."

शेजारी पडलेली प्रियदर्शनी अक्कलकोटची. हसून हसून तिची पाठच फुटपाथवर टिकेना. "आत्या, मलाबी ओलांडा की! मी पण काठावरच हाय."

"तुला ज्यानं ओलांडलं त्येनंच परत ओलांडाय लागतंय. आधी त्येला हुडीक," आत्या गंभीरपणे म्हणाली. मग सूर्य कुठं उगवतोय ते बघून तिनं पश्चिम ठरवली, चपला खाली ठेवल्या, साडी घोट्याच्या वर धरली, आणि पाय उचलला.

पाय काही माझ्या अंगावरून जाईना. आयुष्यभर जिने चढून उतरून गुडघे गेलेले. एक पाय अलीकडं, एक अधांतरी, आणि खाली मी श्वास रोखून. तेवढ्यात माझ्यासोबत आलेले आबा चहा घेऊन परतले. दोन्ही हातांत दोन कागदी कप. बहिणीला बघून जागच्या जागी थांबले. चहा हिंदकळून त्यांच्या बोटांवर सांडला, तरी हललेसुद्धा नाहीत.

आत्यानं त्यांना बघितलं. पाय तसाच वर. "तवा तू आत येऊ दिलं न्हाईस दादा," ती म्हणाली. "म्हणून हितं यावं लागलं."

मला वाटलं, आता इथं तमाशा होणार. आबांच्या रागाचं काही सांगता येत नाही.

आबा प्रियदर्शनीकडं बघून म्हणाले, "अगं धर की तिला. पडंल ती."

सोळा वर्षांनी तोंडातून निघालं ते एवढंच, आणि तेही दुसरीला. प्रियदर्शनीनं उठून आत्याचा दंड धरला. आत्यानं मला ओलांडलं. पलीकडं दोन्ही पाय टेकल्यावर ती तिथंच खाली बसली आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. आबांनी एक कप तिच्याजवळ जमिनीवर ठेवला, दुसरा माझ्याजवळ, आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले.

आम्हाला आत घेतलं ते सात वाजता. मी मोजपट्टीला पाठ लावली. टाचा टेकल्यात का ते मॅडमनी वाकून बघितलं. डोक्यावर आडवी पट्टी आली. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर एकही नाव आठवेना.

"एकशे पंचावन्न पूर्णांक एक. पुढं चला."

"काय?"

"पुढं चला म्हटलं. मागं रांग आहे."

नंतर मी धावले. कशी धावले विचारू नका, शिट्टी झाली आणि संपलं, माझ्या पुढं कुणी नव्हतं. लेखी परीक्षा अजून आहे, ती मी बघून घेईन. तिथं उंची लागत नाही.

बाहेर आले तर दोघं झाडाखाली हातभर अंतर ठेवून बसलेले. मी लांबूनच ओरडले, "भरले!" आत्या उठायला गेली आणि गुडघ्यामुळं परत खाली बसली. "सुटले गं बाई मी," एवढंच म्हणत राहिली. मी तिच्या गळ्यात पडले. सरांनी सांगितलं तसं पाठ टेकून पडल्यानं झालं की तिच्या ओलांडण्यानं, मला विचारू नका. तिला मी सांगितलं, तुझ्यामुळंच झालं. हे मी अजूनही बदलणार नाही.

"जाते मी," ती डोळे पुसत म्हणाली. "दुपारपासनं ड्युटी हाय."

आबा एसटी स्टँडाच्या दिशेनं बघत होते. "बजा वाट बघत असंल," ते म्हणाले. बजा म्हणजे माझी आई. तिला तर आत्या इथं आल्याचं माहीतच नव्हतं, मग तिची वाट कशी बघणार? पण आत्यानं फोन काढला आणि दुपारची पाळी दुसरीला घ्यायला सांगितली. गाडीत आबा कंडक्टरला म्हणाले, "एक फुल, दोन हाफ." बायकांना हाफ, म्हणजे दुसरं आत्याचं. मी खिडकीकडं तोंड केलं, कारण मला रडू येत होतं आणि पोलीस होणारीनं एसटीत रडू नये.

गावात शिरल्यावर आबा झपाझप पुढं गेले. आम्ही पोचलो तेव्हा ते दारात, उंबऱ्यावरच बसले होते, पायताण काढत. एरवी ते कट्ट्यावर बसतात. पाय लांब पसरलेले, दार अडलेलं. आतून आई भाकरतुकडा घेऊन आली ती आत्याला बघून थबकली. माझ्यावरून तुकडा ओवाळायचं विसरूनच गेली. चौकटीवर कोळशाच्या सगळ्या रेघा तशाच होत्या. आत्या पायरीखाली उभी राहून एक एक रेघ बघत होती. पुढं मात्र पाऊल टाकेना.

"ये की गं कस्तुरा," आई म्हणाली.

आत्यानं आबांच्या पायांकडं बघितलं. "पाय घे की दादा. तुला ओलांडून येऊ व्हय?"

आबांनी मान वर केली नाही. त्यांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले आणि चौकटीला लागून असे आकसून बसले, की अर्ध्याहून जास्त दार मोकळं झालं. आत्यानं चपला काढल्या आणि आधी उजवा पाय आत टाकला.