पाचवी जागा

अक्काने डिकीतली मोठी सूटकेस पुन्हा बाहेर ओढली, फरशीवर आडवी टाकली आणि तिची चाकं कोणत्या बाजूला येतात ते वाकून पाहिलं. मग ती उलटी फिरवून आत सरकवली. चाकांच्या मधल्या खाचेत चपलांच्या दोन पिशव्या अशा बसल्या, जणू त्या तिथेच शिवल्या होत्या.

तिचा धाकटा भाऊ कमरेला पट्टा बांधून पायरीवर उभा होता. दरवर्षी गाडी तोच भरायचा. म्हणजे हाताला येईल ते आत लोटायचा आणि दार गुडघ्याने रेटून लावायचा. यंदा मणक्याने दगा दिला. डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली, गाडी चालवायलाही नको म्हटलं. गाडी बायको चालवणार होती, पण सामानाचं तिच्या हातून झालं नसतं. म्हणून आदल्या दिवशी तो बहिणीच्या खोलीच्या दारात येऊन जरा खाकरला आणि गाडी भरून देशील का, असं विचारता झाला. अक्का लगेच हो म्हणाली. इतकी लगेच, की त्याच्या मनावरचं ओझंच उतरलं.

अक्का घरं सजवणाऱ्या एका ऑफिसात स्वयंपाकघरांचे आराखडे काढायची. ओट्याखाली, दारामागे, नळाच्या बाजूला लोकांना न दिसणारी जागा शोधून देणं हेच तिचं काम. लग्न केलं नव्हतं. वडिलांच्या माघारी ती भावाच्या संसारातच मागच्या खोलीत राहत होती, आणि भावाचं कुटुंब दर सुटीत समुद्रावर गेलं की घर सांभाळत होती.

एका वर्षी तिलाही न्यायचं ठरलं होतं. तिने कापडी टोपी घेतली, लहानशी बॅग भरली, ती बॅग गाडीत गेलीसुद्धा. मग भावजयीने आणखी सामान आणलं, भावाने डोकं खाजवलं, आणि थोड्या वेळाने तिची बॅग परत पायरीवर आली. भावजय म्हणाली, अक्का, तुम्ही समजून घ्याल, जागाच नाही हो. शिवाय मांजर आहे, घर उघडं टाकून कसं चालेल. अक्काने समजून घेतलं. टोपी डोक्यावरच राहिली होती, हे तिला गाडी गेल्यावर कळलं. त्यानंतर तिला कोणी विचारलंच नाही. जागा नसते हे जणू सगळ्यांनाच पाठ झालं होतं.

आता तिने घडीच्या खुर्च्या मागच्या सीटच्या पाठीला उभ्या लावल्या. भावाच्या दोघी मुलींच्या वाळूच्या बादल्या एकीत एक घातल्या आणि आतल्या बादलीत फळं ठेवली. टॉवेल गुंडाळून फटींमध्ये कोंबले. हवा भरायची रबरी होडी तिने अंगाखाली दाबून दाबून इतकी चपटी केली की तिची गादीसारखी घडी झाली, आणि ती सगळ्याच्या वर पसरली. डिकीचं दार तिने दोन बोटांनी लावलं. खटकन आवाज झाला. भाऊ पायरीवरून एक पाऊल खाली आला.

भावजय पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर आली, मागचं दार उघडलं आणि थबकली. खिडकीजवळची सीट मोकळी होती. पायाशीही काही नव्हतं.

"काहीतरी राहिलंय," ती म्हणाली.

"काही नाही राहिलं," अक्का म्हणाली.

भावजयीने आत जाऊन पाहिलं. मग ती बाहेर आली ती दोन उशा घेऊन. भाड्याच्या घरातल्या उशा नेहमी कडक असतात, असं तिचं म्हणणं. अक्काने उशा घेतल्या, त्यांच्यातली हवा काढली आणि पुढच्या सीटांखाली सरकवल्या. भावजय पुन्हा आत गेली आणि मोठी छत्री घेऊन आली. गेल्या तीन सुट्यांत ती छत्री कोणी हलवली नव्हती. अक्काने ती डिकीतून तिरकी घालून दोन सीटांच्या मधून पुढे आणली. मग टेबलफॅन आला. त्याची जाळी काढून अक्काने पातं चादरीत गुंडाळलं. मग खेळाचा खोका आला. सोंगट्या मोज्यांत गेल्या आणि पट सूटकेसखाली. भावजयीच्या कपाळावर घाम आला होता. अक्काच्याही आला होता, पण ती मधूनमधून हसत होती, आणि तिला असं हसताना मुलींनी कधी पाहिलं नव्हतं. त्या दोघी भिंतीला टेकून, कोण जिंकतंय ते बघावं तशा बघत राहिल्या.

शेवटी भावजय हात हलवत बाहेर आली. घरात आणण्यासारखं काही उरलं नव्हतं. खिडकीजवळची सीट अजून रिकामीच होती. अक्काने तिच्यावरून तळहात फिरवला, नसलेली धूळ झटकली आणि दार तसंच उघडं ठेवून बाजूला उभी राहिली.

समोरच्या घरातल्या काकू कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांना लांबूनही ते दिसलं.

"अक्का, यंदा तुम्हीपण का?" त्यांनी तिथूनच विचारलं. "बरं झालं बाई. जागा ठेवलेली दिसतेय."

भाऊ कमरेचा पट्टा उगाच सैल करून पुन्हा बांधू लागला. काकूंच्या झारीतलं पाणी कुंडीतून वाहून खाली पडायला लागलं, तरी त्या उभ्याच होत्या. मग भावजयीला बोलावंच लागलं.

"चला ना अक्का," ती म्हणाली. शब्द दातांमागून आले. "जागा आहे तर."

अक्काने तिच्याकडे नीट, सावकाश पाहिलं. इतकी वर्षं ज्या घासाची वाट पाहावी तो पुढ्यात आल्यावर माणूस लगेच तोंडात घालत नाही.

"नको गं. मांजर आहे. घर उघडं टाकून कसं चालेल?"

भाऊ घाईघाईने म्हणाला की कपडे भरायला किती वेळ लागतो, आम्ही थांबतो. अक्का म्हणाली, उन्हं वर येतील, निघा. मग खिडकीतून वाकून तिने भावजयीला बजावलं, त्या सीटवर सामान ठेवू नकोस, वजन एका बाजूला गेलं की गाडी ओढते. हे धादांत खोटं होतं. भावजयीने मान डोलावली.

गाडी गेली. अक्का आत येऊन भावाच्या आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसली. तो रस्ता किती लांब आहे आणि ती सीट किती वेळ त्यांच्याबरोबर असणार आहे, याचा विचार करताना तिचा चहा निवला, तोही तिला गोड लागला.

सुटीत भावाचे फोन आले. टूथब्रश कुठे, मलम कुठे, पंख्याची जाळी कशी लावायची. तिने सगळं बिनचूक सांगितलं. परत निघायच्या दिवशी सकाळी मात्र भावजयीचा फोन आला. होडीतली हवा पुरती निघत नव्हती. खुर्च्या बसत नव्हत्या. टॉवेल ओले होते, आणि पोरींनी पोतंभर शंख गोळा केले होते. तुम्ही कसं लावलं होतं अक्का, तिने विचारलं. आवाजात रडू होतं.

"सगळं बाहेर काढ," अक्का म्हणाली. "आधी सूटकेस."

"काढली. पुढे?"

अक्का ऑफिसात बसून, न पाहिलेली स्वयंपाकघरं नुसत्या फोनवर मांडून द्यायची. डोळे मिटले असते तर त्या गाडीची प्रत्येक फट तिला दिसली असती. तिने डोळे मिटले नाहीत.

"पुढचं असं लांबून नाही सांगता येत गं. समोर लागतं," ती म्हणाली, आणि फोन ठेवून कामाला निघाली.

ती परतली तेव्हा गाडी दारात होती. पुढच्या सीटवर अर्धवट फुगलेली होडी बसली होती. मागे दोघी मुली मांडीवर खुर्च्या घेऊन अंग चोरून बसल्या होत्या आणि त्यांच्या मधून छत्री आरपार गेली होती. भाऊ दिसत नव्हता. भावजयीने वर न बघता सांगितलं की ते बसने येतायत, त्यांच्या पाठीला तेच बरं. अक्काने पदर खोचून सामान उतरवायला मदत केली.

भाऊ दिवेलागणीला आला. शर्टाची घडी मोडली होती, एक हात कमरेवर होता. भावजय आत कपडे धुवायला टाकत होती. तो सरळ स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसला. अक्काने चहाचं आधण ठेवलं.

"होडी टाकून देऊ म्हटलं तर पोरी रडायला लागल्या," तो म्हणाला. "छत्री हिच्या आईने दिलेली. खुर्च्या नव्या. प्रत्येक वस्तूच्या बाजूने बोलायला कोणी ना कोणी होतं."

"मग?"

"मग मीच म्हटलं, मी येतो बसने."

"तूच म्हटलंस?"

त्याने टेबलावरचा एक कण बोटाने इकडून तिकडे सरकवला.

"कोणीच काही बोलत नव्हतं," तो म्हणाला. "त्याचंही काही नाही गं. पण गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी हात वर करून उभा होतो. एकीनेही मागे पाहिलं नाही. सामानामुळे मागची काच झाकली असेल म्हणा."

"असेल," अक्का म्हणाली.

तिचा हात त्याच्या खांद्याच्या दिशेने निघाला होता. पण तो हात मध्येच वळला आणि तिने साखरेचा डबा उचलला. कप भरून तिने त्याच्यापुढे ठेवला.

"बसायला मिळालं का?"

"अर्ध्या वाटेपर्यंत नाही."

अक्काने स्टूल ओढलं, त्याच्या समोर बसली आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकली.

"उभ्यानेच? या पाठीने?" ती म्हणाली. "नीट सांग बघू. पहिल्यापासून."