सुखी, बापडा, खुळा

शेजारच्या काकूंना पाय मुरगळायला नेमका तोच दिवस सापडला. सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा धाकटी एका हातानं केस विंचरत होती, दुसऱ्या हातात व्याख्यानाचे कागद होते आणि तोंडानं पुटपुटणं चालू होतं.

"अगं, पाऊल टेकवत नाही मला," काकू म्हणाल्या. "आज तुझ्या दादाजवळ बसायला मी काही येऊ शकत नाही."

धाकटी "काळजी घ्या" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

घरात माणसं दोनच, ती आणि दादा. दादा तिच्याहून बराच मोठा, कानशिलावरचे केस पिकलेले. पण त्यांची आई म्हणायची तसं, अंगानं तो वाढला आणि मनानं वाटेत कुठंतरी बसून राहिला. आई गेली तेव्हापासून तो धाकटीकडेच होता. दाढी स्वतः करायचा, चहा झकास करायचा, कपड्यांच्या घड्या तर अशा घालायचा की दुकानदारानं शिकून घ्याव्यात. मात्र त्याला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. मागं एकदा गॅसवर दूध ठेवून तो आगीचा बंब बघायला चौकापर्यंत गेला होता. बंब त्यांच्याच घराकडे निघाला होता.

"चल, आवर," ती म्हणाली. "आज तू माझ्याबरोबर यायचंस. मी बोलणार, तू मागच्या रांगेत बसायचं. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही."

"आणि लघवीला लागली तर?"

"आत्ताच जाऊन ये."

व्याख्यान साधंसुधं नव्हतं. जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक अशा एकाच कुळातल्या भाषा शिकण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, आणि आजवर ती हंगामी म्हणून दारोदार शिकवत होती. हे सत्र इथं, पुढचं तिथं. आता विद्यापीठात कायमची जागा निघाली होती. उमेदवारानं निवड समितीपुढं एका शब्दाची कूळकथा मांडायची अशी अट होती. तिनं इंग्रजीतला 'सिली' निवडला. खुळा, बावळट, मूर्ख अशा अर्थाचा, पोराटोरांच्या तोंडचा शब्द. का निवडला म्हणून कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की त्याचे जुने पुरावे चांगले सापडतात. ते खोटं नव्हतं. पण शाळेच्या वाटेवर दादाच्या मागून पोरं काय काय ओरडत जायची, तेही तिच्या कानांतून अजून गेलं नव्हतं.

बसमध्ये तिला एक वाक्य धड आठवेना. दादा खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होता आणि पुढच्या बाकावरचे लोक वळून बघत होते. "हळू," ती सारखी म्हणत होती. तो तेवढ्यापुरता हळू व्हायचा. कागदांच्या कडा तिच्या घामानं ओल्या झाल्या. त्यात ती एक थांबा आधीच उतरली आणि उरलेलं अंतर दोघांनी जवळजवळ पळत कापलं.

सभागृहाबाहेर टेबल मांडून एक कारकून बाई नावं लिहून घेत होत्या. त्यांनी चष्म्यावरून दादाकडे पाहिलं.

"हे कोण?"

मागच्या वर्षी दुसऱ्या एका मुलाखतीत कुणीतरी गोड आवाजात विचारलं होतं, 'घरी जबाबदारी आहे ना तुमच्यावर? झेपेल?' ती जागा हातची गेली होती. तेव्हापासून धाकटी ताकही फुंकून पीत असे.

"ओळखीचे आहेत," तिच्या तोंडून गेलं. "ऐकायला आलेत."

दादा शेजारीच उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखी मान हलवली. तेवढ्यात आतून धाकटीच्या नावाचा पुकारा झाला. तिनं त्याला मागच्या रांगेत दाराजवळ बसवलं आणि ती पुढं गेली.

समिती पहिल्या रांगेत होती. मधोमध अध्यक्ष, पांढऱ्या दाढीचे म्हातारे गृहस्थ. ते डोळे मिटून ऐकायचे. झोपले म्हणून बेसावध राहावं, तर नेमका अडचणीचा प्रश्न त्यांच्याकडूनच यायचा, अशी त्यांची ख्याती.

"आज आपण एखाद्याला सिली म्हणालो तर तो रागावेल," धाकटीनं सुरुवात केली. "हजार वर्षांपूर्वी म्हणालो असतो तर त्यानं आभार मानले असते. कारण तेव्हा या शब्दाचा अर्थ होता सुखी. भाग्यवान. देवाची कृपा असलेला."

हॉलमध्ये थोडी खसखस पिकली. तिला जरा धीर आला. मागं खुर्ची करकरली. तिनं नजर उचलली. दादा नुसता सरकून बसला होता.

"या शब्दाची भावंडं इतर घरांत नांदली आणि बरी नांदली. आइसलँडमध्ये अजूनही वाटेत कुणी भेटलं तर त्याच मुळातला शब्द उच्चारतात. सुखी राहा, एवढाच त्याचा अर्थ. जर्मनांचा झेलिग म्हणजे धन्य, आनंदात बुडालेला. मग ते मेलेल्या माणसालाही झेलिग म्हणू लागले, आपण कैलासवासी म्हणतो तसं. स्वीडिश लोक दिवंगत वडिलांचा उल्लेख करताना आधी सालिग लावतात. डच मात्र तो शब्द जिवंत माणसांच्या रोजच्या सुखालाही लावतात. ऊन छान पडलं, सूप चांगलं झालं, की झालिख."

अध्यक्षांचे डोळे मिटलेले होते. धाकटीनं पुन्हा मागं पाहिलं. दादा शर्टाचं शेवटचं बटण काढत होता, लावत होता. तो अस्वस्थ झाला की असं करायचा. आता तो उठणार, काहीतरी बोलणार, या धास्तीनं तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. एक ओळ तिनं दोनदा वाचली.

"इंग्रजीत मात्र शब्दाची घसरण झाली," ती म्हणाली. "देवाचा लाडका तो निष्पाप. निष्पाप तो निरुपद्रवी. म्हणून मेंढरांना हा शब्द लावू लागले, लहान लेकरांना लावू लागले. निरुपद्रवी माणसाची कीव येते, म्हणून तो झाला बापडा. बापड्याला कुणीही..."

मागची खुर्ची रिकामी होती.

दार हलकेच मिटत होतं. धाकटीनं कागदाकडे पाहिलं, पण अक्षरं मुंग्यांसारखी इकडेतिकडे पळत होती. "बापड्याला कुणीही," ती परत म्हणाली आणि थांबली. या इमारतीला जिने किती, दारं किती, तिला ठाऊक नव्हतं. समोर मोठा रस्ता होता. दादाला रस्ता ओलांडताना फक्त समोरचं दिसायचं, आजूबाजूचं नाही. समितीतल्या एकानं घड्याळ पाहिलं.

तिनं कागद टेबलावर ठेवले.

"माफ करा," ती म्हणाली. "माझा भाऊ बाहेर गेलाय. तो एकटा नसतो कधी. मला जायला हवं."

उत्तराची वाट न बघता ती रांगांमधून दारापर्यंत पोचलीही होती.

बाहेर कारकून बाई पेनाचं टोपण शोधत होत्या. "ते तुमचे ओळखीचे? आत्ताच खाली गेले. मला नमस्कार करून गेले." धाकटी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या टाकत उतरली. तळमजल्यावरच्या पहारेकऱ्यानं रस्त्याकडे बोट दाखवलं. गाड्यांची रीघ लागली होती. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, एका उंच माणसाच्या मागं धावली तर तो दुसराच निघाला. त्याची क्षमा मागायचंही तिला सुचलं नाही. शेवटी पलीकडच्या बसथांब्यावर तो दिसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबर लावल्यासारखा बसला होता. ज्या बाजूला तो बसला होता तिथून घराकडे एकही बस जात नव्हती.

रस्ता कसा ओलांडला हे तिला नंतर आठवलं नाही.

"दादा, काय सांगितलं होतं मी? उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?" तिचा आवाज फाटला. थांब्यावरच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

"मी बोललो नाही मध्ये," दादा म्हणाला.

"मग निघालास कशाला?"

तो गाड्यांकडे बघत म्हणाला, "आई म्हणायची, ओळखीच्या माणसांनी फार वेळ बसू नये. घरच्यांना कामं असतात." मग तिची समजूत काढावी तसं पुढं म्हणाला, "तू बोलत होतीस, म्हणून तुला निघतो असं सांगितलं नाही. त्या बाईंना सांगितलं."

धाकटी त्याच्या शेजारी बसली. रागावायला आता काही शिल्लकच नव्हतं. जी गोष्ट आपण एका श्वासात बोलून मोकळ्या झालो, ती हा माणूस तेव्हापासून मांडीवर घेऊन बसला होता. रुसला नव्हता. दिलेल्या नात्यानं वागला होता, इतकंच.

"मी खोटं बोलले त्यांच्याशी," ती म्हणाली.

"का?"

"भीती वाटली. तू माझा भाऊ आहेस कळलं तर मला कामावर घेणार नाहीत असं वाटलं."

दादानं विचार केला. "मग नको सांगू," तो म्हणाला. "मी इथं बसतो."

एवढं ऐकल्यावर तिला उठावंच लागलं. तिनं त्याचा हात धरला आणि सिग्नल मिळाल्यावर दोघं रस्ता ओलांडून परत आले.

हॉल निम्मा रिकामा झाला होता. समितीतला घड्याळवाला उभाच होता. "तुमची वेळ संपली आहे, बाई," तो म्हणाला. अध्यक्षांनी डोळे उघडले. "त्यांचा शब्द अजून बापडाच आहे," ते म्हणाले. "त्याला खुळा होऊ द्या, मग जाऊ. ज्यांना घाई आहे त्यांनी निघावं." घड्याळवाला नाइलाजानं बसला.

धाकटीनं दादाला या वेळी पहिल्या रांगेच्या टोकाला बसवलं. "हा माझा थोरला भाऊ," ती सगळ्यांना म्हणाली. "मघाशी मी दारात वेगळंच सांगितलं होतं." कारकून बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या आपल्या पेनाकडे बघू लागल्या.

उरलेला भाग तिनं कागद न बघता सांगितला. बापड्याला कुणीही टपली मारून जातं, म्हणून तो दुबळा ठरला. दुबळा तो अडाणी, आणि अडाणी तो मूर्ख. पाच-सहाशे वर्षांत शब्द देवाच्या मांडीवरून गल्लीत आला. ती भरभर बोलत होती, मध्येच अडखळत होती, आणि शेवट म्हणून जे सुरेख वाक्य तिनं घोटून ठेवलं होतं ते तिला आठवलंच नाही.

"आपल्याकडेही एक उदाहरण आहे," अध्यक्ष म्हणाले. "देवानांप्रिय. देवांचा लाडका. राजे स्वतःला म्हणवून घेत. पुढं पंडितांनी त्याचा अर्थ मूर्ख असा केला. म्हणजे हा रोग एका कुळाचा नाही. मला सांगा, या सगळ्या प्रवासात शब्द नेमका बिघडला कुठं?"

"बापडा म्हटलं तिथं," धाकटी म्हणाली. "कीव करणारा स्वतःला वरच्या पायरीवर समजतो. एकदा कुणाला खालच्या पायरीवर बसवलं की पुढं त्याला काहीही म्हणता येतं." आणि मग हळूच, "ओळखीचा सुद्धा."

अध्यक्षांनी मान हलवली. पटलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही.

आठवड्यानं त्यांचाच फोन आला. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली होती. "व्याख्यान सोडून जाणारी बाई उद्या वर्गही सोडून जाईल, असं एकाचं म्हणणं पडलं," ते म्हणाले. "मी भांडलो. पण माझं एकच मत."

"खरं आहे त्यांचं," ती म्हणाली. "जाईनही."

हे बोलताना तिला बरं वाटलं, पण ते समाधान फोन ठेवेपर्यंतच टिकलं. मग ती खोलीत येरझारा घालू लागली. पुस्तकं या फळीवरून त्या फळीवर ठेवली, परत जागेवर ठेवली. आपण योग्य केलं हे माहीत असूनही जीव जळायचा तो जळतच होता. ती तशीच बोलत राहिली असती तर काय बिघडलं असतं, दादा थांब्यावर सापडलाच असता, असंही मनात येऊन गेलं. त्या विचाराचीही तिला लाज वाटली, आणि लाजेचा राग आला.

दादा चहा घेऊन आला. "ते रागावले का तुला?"

"नाही. त्यांनी दुसऱ्या माणसाला घेतलं."

"मग तो आज खूश असेल," दादा म्हणाला.

ती त्याच्यावर खेकसणारच होती. पण तो कप बशीत नीट बसवण्यात गुंतला होता, जीभ किंचित बाहेर काढून. तिनं चहा घेतला आणि खिडकीपाशी उभ्या उभ्याच प्यायला. पुढच्या सत्रासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका महाविद्यालयातून विचारणा आली होती. हंगामीच, दोन बस बदलून जायचं. संध्याकाळी तिनं त्यांना होकार कळवला. काकू लंगडत लंगडत येऊन विचारून गेल्या, तेव्हा दादानं त्यांना विद्यापीठातल्या गुबगुबीत खुर्च्यांचं वर्णन ऐकवलं आणि आपण तिथं कुठं कुठं बसलो तेही सांगितलं.