पडद्यावर बाबांचे नाव

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे आणि स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. मला टेबलाच्या मधोमध ठेवा. एखादा निरोप आला की मी थरथरत थरथरत काठापर्यंत गेलोच म्हणून समजा. असाच दोनदा खाली पडलो आहे. उजव्या कोपऱ्यातला हा तडा त्याचीच खूण. लोक म्हणतात, फोन निर्जीव असतो. निर्जीव वस्तूला एवढी घाई असते का, तुम्हीच सांगा.

माझा जन्म एका कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर झाला. पातळ हातमोजे घातलेले हात माझ्या पोटात एकेक भाग बसवत गेले. शेवटच्या बाईने मला चालू केले, एकदा पाहिले आणि लगेच मागच्या फोनला उचलले. जन्माला आल्याबरोबर कोणी दोन शब्द कौतुकाचे बोलले नाही, ही रुखरुख मला पुष्कळ दिवस होती.

कौतुक झाले ते दुकानात. शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले होते. त्यांच्या बोटांना तेलाचा वास होता. त्यांनी मला तळहातावर तोलले, उलटे करून पाहिले आणि विचारले, "ह्याला उघडायला स्क्रू कुठे आहेत?" दुकानदार हसला. मुलगी लाजली. पण मला ते फार आवडले. माझ्या आत काय आहे, असे विचारणारे ते पहिलेच गिऱ्हाईक.

ही मुलगी माझी मालकीण. लहानपणापासून तिला एका जागी बसणे ठाऊक नव्हते, म्हणून बाबा तिला भिंगरी म्हणत. बाबांनी दुरुस्त केलेल्या मशीनवर पहिला टाका घालून बघायचा तो भिंगरीनेच. अशी ती शिवणकाम शिकली. आता परदेशात कपडे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात तिला काम मिळाले होते. निघण्याच्या दिवशी बाबांनी मला आपल्या शर्टाच्या टोकाने पुसले, मग पुन्हा पुसले, आणि मी स्वच्छ झालो तरी पुसतच राहिले.

"नंबर कोणालाही देऊ नकोस," ते म्हणाले. "आणि बँकेचं तर आपल्या सावलीलाही सांगू नकोस."

"हो बाबा."

"हो काय? ऐकलंस का नीट?"

"ऐकलं हो, बाबा!" असे म्हणताना तिने मला पर्समध्ये टाकलेसुद्धा होते.

नव्या देशात माझ्या पोटात नवे कार्ड गेले, मला नवा नंबर मिळाला, आणि गंमत पाहा, जो तो नेमका तोच मागू लागला. तिथली पद्धतच तशी होती. ज्याला पैसे द्यायचे त्याचा लांबलचक खाते क्रमांक कोणी विचारत नसे. त्याचा मोबाइल नंबर बँकेत खात्याशी जोडलेला असला की झाले. नंबर टाकायचा, पडद्यावर त्या माणसाचे नाव दिसते, बटण दाबायचे. पाणी पिऊन होईपर्यंत पैसे पोहोचलेले असतात. भिंगरीला हे काही पटेना.

"मावशी, नंबर दिला तर माझे पैसे जातील ना?"

मावशी म्हणजे तिच्या आईची चुलत बहीण. भिंगरी तिच्याच बैठकीतल्या सोफ्यावर झोपत होती. मावशी हसून म्हणाली, "अगं, नंबराने पैसे येतात. जातात ते आपण दाबलं तर. घे, जोडून टाक एकदाचा. आणि सावकाश भर."

सावकाश हा शब्द भिंगरीच्या कोशात नव्हता. एका हाताने केस विंचरत, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने माझ्यावरचे रकाने भरले. नावासाठी तीन रकाने होते. तिने शाळेपासूनच्या सवयीने लिहिले: आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग बाबांचे. मी विचारले, "माहिती बरोबर आहे का?" मित्रांनो, हे मी प्रत्येकाला विचारतो आणि प्रत्येक जण न वाचता 'हो' दाबतो. तिनेही दाबले. मला आतून अस्वस्थ वाटत होते, पण पुन्हा विचारण्याची मला परवानगी नसते.

पुढे मावशीने जरा चाचरतच सांगितले की रविवारी मुलगी आणि जावई राहायला येणार आहेत. सोफा रिकामा करावा लागणार होता. भिंगरीने खोल्या पाहायला सुरुवात केली. काही फार महाग होत्या, काहींच्या मालकांना नव्याने आलेली माणसे नको होती. शेवटी एक सापडली. निवृत्त बसड्रायव्हर असलेल्या एका आजोबांच्या घरातली, जिन्यावरची खोली. एक पलंग, एक खिडकी, आणि शिलाई मशीन मावेल एवढे टेबल. टेबल पाहून भिंगरीने तिथेच मनातल्या मनात मशीन मांडले.

आजोबा स्वभावाने बरे, पण वेळेचे पक्के. "शनिवारी सहाच्या आत अनामत रक्कम आली तर खोली तुझी," ते म्हणाले. "सहानंतर एक मुलगा बघायला येतोय. मग मला बोल लावायचा नाही." त्यांनी आपला नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला.

शनिवारी भिंगरीला पहिला पगार मिळणार होता. त्यातूनच ती रक्कम भरायची होती. सकाळपासून तिने मला इतक्या वेळा खिशातून काढून पाहिले की माझी बॅटरी दुपारीच अर्ध्यावर आली. दुकानात वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट चालू होता. विजारींच्या ढिगामागे दुकानाच्या मालकीणबाई बसल्या होत्या. काम संपल्यावर त्यांनी आपला फोन काढला, भिंगरीचा नंबर टाकला आणि एकदम थांबल्या.

"तू मला कोणाचा नंबर दिलास?"

"माझाच."

"मग हा बाप्या कोण?"

भिंगरी वाकून पाहू लागली. पडद्यावर दोन आद्याक्षरे होती आणि पुढे तिच्या बाबांचे संपूर्ण नाव.

"हे... हे माझे बाबा."

"म्हणजे खातं बाबांचं?"

"नाही, माझं."

"मग नाव त्यांचं कसं?"

झाले होते असे, की तिथल्या बँकेत शेवटच्या रकान्यातले नाव तेवढे पूर्ण दिसते. आधीच्या रकान्यांची नुसती पहिली अक्षरे येतात. आपल्या सवयीने लिहिले की मुलगी जाते अक्षरात आणि बाबा येतात पुढे. भिंगरीने हे कसेबसे समजावून सांगितले. मालकीणबाईंनी ऐकून घेतले आणि फोन खाली ठेवला.

"हे बघ, मागे मी एकाला अस्तराच्या कापडाचे पैसे पाठवले. नाव भलतंच आलं. म्हटलं, असेल त्याचा भाऊ. कापडही आलं नाही आणि भाऊही. तेव्हापासून नाव जुळल्याशिवाय मी दाबत नाही. सोमवारी बँक उघडली की नाव दुरुस्त करून आण."

"सोमवारपर्यंत खोली जाईल हो!"

"मग खाते क्रमांक दे. पण त्याने पैसे मंगळवारी पोहोचतील."

भिंगरीच्या तोंडचे पाणी पळाले. मला त्यांचा राग आला नाही, कारण त्या बोलत होत्या ते बरोबरच होते. पण घड्याळ माझ्याच कपाळावर असते, आणि ते पाच वाजून गेल्याचे दाखवत होते. तेवढ्यात बाबांचा फोन आला. ज्या नावापाशी सगळे घोडे अडले होते त्याच नावाचा माणूस, आणि नेमका आत्ता. भिंगरीने मला गप्प केले. मी तिच्या मुठीत नुसता थरथरत राहिलो.

मग तिची नजर मालकीणबाईंच्या मशीनवर गेली. तिथे नेहमीप्रमाणे चिंध्यांचा एक डबा होता.

"बाई, रेशमी कापड आलं तर तुम्ही एकदम शिवायला घेता का?"

"वेडी आहेस का? आधी चिंधीवर टाका घालून बघते."

"मग पैशांचाही तसाच टाका घालून बघा. सगळ्यात लहान रक्कम पाठवा. माझा फोन इथे, तुमच्यासमोर ठेवते. मी हातही लावत नाही."

मालकीणबाईंनी आपला फोन पुन्हा उचलला. भिंगरीने मला कापायच्या टेबलावर ठेवले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. तिला असे निश्चल उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले. बाईंनी बटण दाबले, आणि मित्रांनो, मी असा थरथरलो की सरकत सरकत कात्रीला जाऊन धडकलो!

मालकीणबाईंनी माझ्यावरची रक्कम पाहिली, आपल्या फोनवरची पाहिली. "टाका बसला," त्या म्हणाल्या आणि बाकीचा पगार पाठवून दिला. "पण नाव सरळ कर हं. प्रत्येकाकडे चिंधीचा डबा नसतो."

भिंगरी धावतच बाहेर पडली. बसथांब्यावर उभ्या उभ्या तिने चिठ्ठी काढली आणि आजोबांचा नंबर टाकला. माझ्यात आता जेमतेम धुगधुगी होती. दिवसभर पडदा उजळून उजळून बॅटरी संपत आली होती. बस वळणावर दिसत होती. मी नाव दाखवले. तिचा अंगठा खाली आला आणि बटणापासून केसभर अंतरावर अडला.

नाव आजोबांचे नव्हते. कोणा अनोळखी बाईचे होते.

घाईत दोन आकडे उलटसुलट पडले होते. सकाळची भिंगरी असती तर दाबून मोकळी झाली असती. मला ओरडता येत नाही, मी फक्त नाव दाखवू शकतो. ते तिने वाचले. "अगं बाई गं," ती पुटपुटली. बस आली, थांबली, तिच्याविना निघून गेली. तिने एकेक आकडा चिठ्ठीशी ताडून पुन्हा टाकला. या वेळी आजोबांचे नाव आले. तिने बटण दाबले, पडद्यावर गोल चक्र फिरू लागले, आणि माझे डोळे मिटले.

पैसे गेले की नाही, ते तिला कळले नाही. मलाही कळले नाही. पुढचे मी रात्री ऐकले. त्या खोलीतल्या टेबलावर मला चार्जरला लावून स्पीकर चालू केला होता, आणि भिंगरी खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत बाबांना सगळे सांगत होती.

"मी पळत पळत पोहोचले तर आजोबा दारातच उभे. म्हणतात, पैसे आलेत, पण तू नाही पाठवलेस, कोणा गृहस्थांनी पाठवलेत. त्यांना राहायचंय का इथे? बाबा, दिवसभर त्या नावाचा मला इतका राग आला होता. आणि आजोबांनी ते मोठ्याने वाचलं तेव्हा मी दारातच रडायला लागले. म्हटलं, हे माझे बाबा आहेत. तर ते घाबरले बिचारे. म्हणाले, रडू नकोस, ही घे किल्ली."

 मला वाटले, माझेच नेटवर्क गेले.

"बाबा? आहात ना?"

"आहे." ते म्हणाले. "तू गेलीस तेव्हा तुझ्या हातात चार पैसेही ठेवता आले नाहीत मला. जीव खात होतं ते. आणि तिथे बघ, तुझ्या खोलीचे पैसे माझ्या नावाने गेले. मग भाडेकरू कोण? तू की मी?"

भिंगरी हसली. आणि चालत होती ती थांबली, पलंगावर बसली. "मला फार भीती वाटत होती, बाबा," ती म्हणाली. "आल्यापासून रोज वाटते. मी सांगितलं नाही तुम्हाला."

"मला कळत होतं. म्हणून तर रोज फोन करतो."

त्या एका वाक्यावर मी कितीतरी वेळ गरम होतो. मग बाबा म्हणाले, "सोमवारी जाऊन नाव नीट कर. कष्ट तुझे आहेत, नाव तुझंच दिसायला हवं. माझं एक अक्षर राहिलं तरी पुष्कळ झालं."

तिने ते केले. पुढच्या पगाराला मालकीणबाईंच्या पडद्यावर तिचे नाव पहिल्यांदा पूर्ण उमटले.

मित्रांनो, त्यानंतर मी बरीच वर्षे राबलो. मग माझी बॅटरी फुगली, नवा चपळ फोन आला आणि मी टेबलाच्या खणात गेलो. भिंगरीने स्वतःचे छोटे दुकान काढले, घर बदलले. सामान बांधताना तिने नेहमीप्रमाणे घाई केली आणि मी इथेच राहिलो. ती मला विसरली याचे दुःख आहे, पण राग नाही. मला चैन पडत नाही ते वेगळ्याच कारणाने. तिचे खाते, तिचा नंबर, बाबांचे निरोप, सगळे अजून माझ्या पोटात आहे. तिने ते कधी पुसले नाही. आजोबांकडे उद्या नवा भाडेकरू येतो आहे. तो कसा आहे, कोण जाणे. चार्जर तर टेबलावरच पडलेला आहे; त्याने मला लावले की सगळे त्याच्यासमोर उघडे.

म्हणून तुम्हाला विनवतो. पैसे पाठवताना पडद्यावर येणारे नाव वाचा, बस गेली तरी चालेल. आणि जुना फोन टाकून जाण्यापूर्वी त्याच्यातले आपले सगळे पुसून जा. आम्हाला ते विसरायचे असते, पण आपणहून विसरता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला कपडे दुरुस्त करणाऱ्या दुकानात घाईघाईने बोलणारी, एका जागी न बसणारी बाई भेटली, तर तिला एवढे सांगा की मी जिन्यावरच्या खोलीत, टेबलाच्या खणात आहे. तिने उद्याच्या आत यावे.